फियाटचं इंजेक्शन

देवळाई, औरंगाबाद
४ एप्रिल २०१६

ती. अक्कास, मुकुंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अंबाजोगाईला नळाचा नेम राहिला नाही हे वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. आमच्या ह्या नव्या वस्तीत तर नळच नाही. टँकर आला की बायकामाणसं हंडे घेऊन धावतात. बिल्डरनं जाहिरातीत पोहण्याचा तलाव छापला होता. तो बांधलाही, पण सध्या त्यात शेजारच्या मालनबाईंची शेळी बांधलेली असते. मालनबाई म्हणजे इथल्या मूळच्या. त्यांच्या शेतावर आमच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्या अजून आम्हालाच पाहुणे समजतात.

उभी नोकरी टेलिफोन खात्यात काढली आणि आता सख्ख्या बहिणीशी पोस्टानं बोलतो, असं सौ. नीरजा मला चिडवते. तुला ऐकू येत नाही, त्यानं माझं अक्षर मात्र सुधारलं बघ.

बाबांची फियाट परवा जरा रुसली. शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकापाशी बंद पडली. काळजीचं काही नाही. ऊन फार आहे, इंजिन तापतं, आणि नळीतलं पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरपर्यंत पोचायच्या आधीच उकळून त्याची वाफ होते. पंपाला वाफ ढकलता येत नाही. गाडी आचके देते आणि थांबते. लोकांनी हात लावला, गाडी सावलीत ढकलली, थोड्या वेळानं चालू झाली. नीरजा जरा घाबरली, इतकंच.

ह्यावर कायमचा इलाज करायचं मनात आहे. कार्बोरेटर काढून त्या जागी इंजेक्शन बसवायचं. हल्लीच्या सगळ्या गाड्यांना तेच असतं. विजेचा पंप पेट्रोल जोरानं पुढं ढकलतो आणि एक छोटा डबा हिशेबानं ते इंजिनात फवारतो. दोन वाटा आहेत. एक, पुण्याचा एक व्यापारी बाहेरून तयार संच मागवून देतो. दुसरी, आमच्या इथला सत्यम नावाचा गॅरेजवाला भंगारातल्या लहान गाड्यांचे भाग जुळवून संच करतो. माझा कल सत्यमकडं आहे. पुण्याचा डबा बंद पडला तर गावात तो उघडणारं कोणी नाही. चिरंजीव विश्वजित हैदराबादहून म्हणतो की मी नवी गाडी घेऊन देतो. त्याला काय कळतंय.

मनस्विनी सुटीत येणार आहे. नात येणार म्हणून आजीनं आतापासून पाणी साठवायला घेतलंय. पत्र पाठव, आणि तुझा लोभ आहे तस्साच असू दे.

तुझा,
मुकुंद

•

देवळाई, ७ एप्रिल

ती. वन्सं, सा. न. वि. वि.

ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र पेटीत टाकण्याआधी मला वाचून दाखवलं. फाटकापाशी, असं लिहिलंय त्यात. फाटकापाशी नव्हे, वन्सं. रुळांवर.

पुढं रिक्षा आणि टँकर अडकले होते, म्हणून रांग थांबली, आणि आम्ही नेमके रुळांच्या मधोमध. तिथंच गाडी बंद पडली. हे किल्ली फिरवतायत, इंजिन नुसतं घरघरतंय. तेवढ्यात घंटा वाजायला लागली. पुढचा टँकर निघून गेला, मोटरसायकली दोन्ही बाजूंनी पळाल्या, आणि आमच्या पुढं-मागं दोन्ही दांडे खाली यायला लागले. मी दार उघडायला गेले तर आतली मूठ फिरेना. तापलेली मूठ, हाताला चटका बसला, तरी मी ती सोडली नाही. फाटकवाला लाल झेंडी घेऊन ओरडत पळत आला. कॉलेजातल्या मुलांनी मागून जोर लावला, पण गाडी हलेना. ह्यांनी ती गिअरमध्येच ठेवली होती. मी ओरडून सांगितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. वन्सं, लग्न झाल्यापासून मी त्यांच्यावर इतक्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. मग फाटकवाल्यानं दांडा वर घेतला आणि मुलांनी गाडी लिंबाखाली ढकलत नेली.

रेल्वे बऱ्याच वेळानं आली. फाटकवाला नंतर म्हणाला की दांडे नीट लागल्याशिवाय तिला सिग्नलच मिळत नाही, घाबरायचं काही कारण नव्हतं. पण आम्हाला ते तेव्हा कुठं ठाऊक होतं? लिंबाखाली उभी राहून मी जाणारे डबे मोजत होते.

तेव्हापासून हे रोज सकाळी गाडी पुसतात, आत जाऊन बसतात, आणि किल्ली न लावताच परत येतात. मी विचारलं की म्हणतात, सीट तपासत होतो. मलाही आता त्या गाडीत बसवत नाही. पण ती विकावी असंही वाटत नाही, आणि हे दोन्ही मी त्यांना सांगत नाही. तुमचं ते ऐकतात. काहीतरी लिहा.

मोठ्या मनानं सांभाळून घेता, तसंच घेत राहा.

आपली,
नीरजा

•

अंबाजोगाई, १२ एप्रिल

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद.

फाटकापाशी आणि फाटकात, ह्यातला फरक तुला शाळेत शिकवला होता. मीच शिकवला होता. बहिणीला फसवायचं तर निदान बायकोला वाचून दाखवू नये, एवढी अक्कल वापरायचीस. नीरजावर रागावू नकोस. तिचं पत्र मी दोनदा वाचलं. दुपारचा चहासुद्धा केला नाही.

गाडी वीक म्हणून लिहिणार होते. मग वाटलं, विकलीस तर तू कसा होशील तेही मला दिसतंय. बाबा गेल्यावर तू त्या गाडीशी जितकं बोललास तितकं माझ्याशी बोलला नाहीस. तेव्हा विकू नकोस. पण मला नीट समजावून सांग. मी मुलींना पदार्थविज्ञान शिकवलंय, मला गोड गोड उत्तरं नकोत.

आधी पेट्रोल नुसतं ओघळत यायचं. आता ते दाबानं येणार, म्हणजे कितीतरी पट दाबानं. इतकी वर्षं ओघळ सोसलेल्या त्या नळ्या हा दाब सोसतील का? एखादा जोड सुटला तर पूर्वी थेंब पडला असता. आता फवारा उडेल, आणि तोही तापलेल्या इंजिनावर. दुसरं, कुणी मागून धडक दिली, गाडी उलटली, तर पंप पेट्रोल फेकतच राहणार का? त्याला कोण थांबवणार? तुमच्या बीड बायपासवरच्या अपघातांच्या बातम्या इथल्या पेपरातही येतात रे.

इकडं मांजरा धरणाचा तळ उघडा पडलाय. लोक बघायला जातात, मीही गेले. चिखलाच्या भेगांत माझी काठी अडकली. एवढं पाणी कुठं जातं, असं शेजारीण विचारत होती म्हणे. मला ऐकू आलं नाही, तिनं नंतर पाटीवर लिहून दाखवलं.

ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आल्याशिवाय मला जेवण गोड लागणार नाही. देव तुम्हा दोघांना सुखरूप ठेवो.

तुझी,
अक्का

•

देवळाई, २५ एप्रिल

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

कान धरून कबूल, रुळांवरच बंद पडली होती. आता तो विषय संपला, कारण गाडी झाली!

सत्यमनं संच बसवला. जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर घातला, कारण पंपाला आणि डब्याला वीज जास्त लागते. पंप टाकीच्या शेजारी, खाली बसवलाय. जास्तीचं पेट्रोल दुसऱ्या नळीनं परत टाकीत जातं, म्हणजे ते इंजिनाजवळ उकळत थांबतच नाही. त्याचा वाळूजच्या कारखान्यातला मित्र लॅपटॉप घेऊन आला होता, दोन दिवस डब्याला शिकवत बसला. आता किल्ली लावली की गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. मी बॉनेटवर चहाचा कप ठेवून बघितला, चहा नुसता थरथरला, सांडला नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की इंजिन फिरायचं थांबलं की डबा पंपही थांबवतो. शिवाय आपटी बसली तर पंपाची वीज तोडणारं एक बटण सत्यमनं डिकीत लावलंय. पहिल्या प्रश्नाचं म्हणशील, तर नळी मी स्वतः औरंगपुऱ्यातून आणली. इंजेक्शनचीच आहे, अशी दुकानदारानं छातीला हात लावून खात्री दिली. सत्यम म्हणाला, काका, हिच्यावर छापील काहीच नाय, जरा चौकशी करू. पण तो फार शंकेखोर आहे.

मनस्विनी आली आहे. शेळीला रोज बिस्किटं चारते. नीरजा मात्र फाटकाच्या प्रसंगापासून प्रत्येक गोष्टीला भिते. काल म्हणाली की गाडीजवळ पेट्रोलचा वास येतोय. मी सगळीकडं हात फिरवून पाहिला. कुठं काही ओलं नाही. मला तर कसलाच वास आला नाही.

उद्यापरवा सगळ्यांना घेऊन एक फेरी मारीन म्हणतो. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
मुकुंद

•

देवळाई, ९ मे

ती. वन्सं, सा. न. वि. वि.

आधी हे वाचा, आम्ही तिघंही जिवंत आहोत आणि घरी आहोत. मग पुढचं वाचा.

परवा सकाळी मनस्विनीला घेऊन आम्ही निघालो. सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढतानाच मला वास आला. मी सांगितलं. हे म्हणाले, काच खाली कर. मी केली. वास वाढला. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणाले की तुझ्या डोक्यात तो वास बसलाय. मालनबाईंचं घर ओलांडलं आणि बॉनेटच्या फटीतून धूर आला. आधी बारीक, आणि मग एकदम काळा.

ह्यांनी किल्ली बंद केली, ही त्यांची एक गोष्ट बरोबर झाली. पंप थांबला नसता तर त्यानं आगीवर पेट्रोल ओतलं असतं, असं सत्यम नंतर म्हणाला. मी मनस्विनीला दंडाला धरून ओढलं, तिची चप्पल आतच राहिली. ती चपलेसाठी रडत मागं वळत होती आणि मी तिला फरफटत नेत होते. वळून बघते तर हे बॉनेट उघडतायत. उघडलं आणि ज्वाळा वर आली, पार त्यांच्या तोंडापर्यंत. मला त्यांचं तोंड दिसेनासं झालं, वन्सं. तेवढा वेळ मी काय होते ते मला सांगता येणार नाही.

मालनबाई हंडा घेऊन धावत आल्या. प्यायच्या पाण्याचा हंडा, टँकरला उभं राहून भरलेला. पेट्रोलवर पाणी ओतायचं नसतं, आग पसरते, एवढं मला ठाऊक होतं. मी त्यांच्या अंगावरच धावून गेले, हंडा दोघींच्या मध्ये सांडला. त्या किंचाळल्या, पोरी लई येडी का काय तू. मग समोरच्या नव्या इमारतीच्या वाळूचा ढीग मला दिसला. आम्ही दोघींनी पदरात भरभरून वाळू टाकली, ह्यांनी हातांनी टाकली, गवंडी फावडी घेऊन आले. आग विझली. ह्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय, भुवया गेल्यात. डॉक्टर म्हणतात खूण राहील, बाकी भीती नाही.

ती नळी साध्या रबराची निघाली. दाबानं भेगाळून आतल्या बाजूनं पाझरत होती.

आता खरी भीती सांगते. गेल्या महिन्यात दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास, आणि हे स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसले होते. तेव्हा वाटलं, लक्ष नसेल. परवा दवाखान्यातून आल्यावर मी गाडीतली पेट्रोलनं भिजलेली चिंधी आणली आणि त्यांच्या नाकाजवळ धरली. ह्यांनी विचारलं, हे काय, पुसायला हवंय का?

त्यांना वास येत नाही, वन्सं. आणि ते त्यांना माहीत आहे. मी चिंधी बाहेर नेऊन टाकली. घरात गॅस आहे, पोर आहे, आणि मी दिवसातून कितीदा शेगडीची बटणं बघते ते मोजणं सोडून दिलंय. मी कुणाला सांगू?

आपली माया हाच आधार आहे.

नीरजा

•

अंबाजोगाई, १४ मे

चि. मुकुंदास अनेक आशीर्वाद.

हात कसा आहे? डाव्या हातानं लिहू नकोस, नीरजाला सांग.

तिनं मला सगळं लिहिलंय. म्हणजे वासाचंही. रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव.

तुला ठाऊक नाही ते सांगते. मला ऐकू येत नाही हे तुम्हाला कळलं त्याच्या कितीतरी आधीपासून मला ऐकू येत नव्हतं. वर्गात मुलींच्या ओठांकडं बघून मी उत्तरं तपासायचे. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं सोडून घड्याळ लावायला लागले. लोक हसले की हसायचे. निवृत्तीनंतर एकदा गल्लीत पाण्याचा टँकर मागं येत होता, हॉर्न वाजवत होता म्हणे, लोक ओरडत होते. शेजारणीनं मला झिंज्या धरून ओढलं. टँकरचं मागचं चाक माझ्या पिशवीवरून गेलं. पिशवीत भाजी होती. ती सपाट झालेली बघितली आणि त्या दिवशी मी सगळ्यांना सांगून टाकलं.

मला वाटलं होतं, सांगितलं की लोक मला घरात बसवतील. तसं काही झालं नाही. लोक मोठ्यानं बोलायला लागले, ते मला तरीही ऐकू आलं नाही, मग पाटी आणली. एवढंच झालं.

तू भितोयस हे मला कळतं. मीही तुझ्यासाठी भिते. पत्राचं पाकीट उघडताना हल्ली माझी बोटं गार पडतात. पण तुझ्या घरात एक नाक शाबूत आहे आणि ते तुझ्याहून तिखट आहे. ते वापर. तिनं वास आला म्हटलं की आला. त्यात हात फिरवून बघायचं नाही.

पोरीची चप्पल सापडली का, कळव. सांभाळून राहा रे.

तुझी,
अक्का

•

देवळाई, १९ जून

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

हात बरा आहे, कातडी गुलाबी दिसते. भुवया उगवतायत. चप्पल वितळली होती. मनस्विनीला नवी घेऊन दिली आणि तिला हैदराबादला पोचवलं. विश्वजित माझ्याशी फोनवर मोजकंच बोलतो. त्याचं चुकत नाही.

दिवाळीत ताप आला होता ना, तेव्हापासून वास गेला. आधी वाटलं सर्दी आहे. मग आंब्याला चव लागेना. डॉक्टरला दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर ते खरं झालं असतं. नीरजा तुला म्हणाली असेल की मी गाडीत किल्ली न लावता बसायचो. फाटकाची भीती होतीच. पण खरं म्हणजे लहानपणी आपण बाबांच्या मागं बसायचो तेव्हा तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा जो वास यायचा, तो शोधत बसायचो. रोज वाटायचं, आज येईल. आता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. ते म्हणतात, कदाचित येईल, कदाचित नाही.

गाडी विकायला काढली होती. नीरजानं गिऱ्हाइकाला परस्पर नाही म्हणून सांगितलं आणि स्वतः पुण्याच्या त्या व्यापाऱ्याला फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होतो. जोड किती, नळी कसली, पंप कुठं बसतो, असं ती विचारत गेली. त्या संचात पंप टाकीच्या आतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो; नळी त्यांचीच, वरून तारेची वीण असलेली; जोड थोडे. मी म्हटलं, पण डबा बिघडला तर इथं कोणी दुरुस्त करणार नाही. ती म्हणाली की बंद पडली तर दारात पडून राहील, पेटायला नको. तिच्या ह्या वाक्यावर संच ठरला. इतके महिने मी कागद पसरून बसलो होतो, आणि माझ्यापुढं हा प्रश्न ह्या शब्दांत कधी आलाच नव्हता.

बसवला सत्यमनंच. शेवटच्या दिवशी मालनबाईंनी शेळी लांब नेऊन बांधली, वाळूची दोन घमेली आणून ठेवली आणि दारात उभ्या राहिल्या. मी स्टिअरिंगपाशी बसलो. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली अर्धी फिरवली, म्हणजे पंप थोडा वेळ चालतो आणि नळीत दाब भरतो. नीरजा पुढून मागं, वाकून वाकून, प्रत्येक जोडाजवळ नाक नेत गेली. माझा भाजलेला हात किल्लीवर होता. डिकीपाशी ती थांबली. म्हणाली, येतोय.

सत्यम खाली सरपटला, बॅटरी मारून बघितलं, म्हणाला, काकू, काय नाय, नव्या रबराचा वास हाय. मीही उतरून पाहिलं. सगळं कोरडं. आणि अक्का, मला सगळ्यात भीती वाटली ती तेव्हा. कारण ते कोरडं मला स्पष्ट दिसत होतं, आणि माझ्या मनातून तेच जुनं वाक्य वर येत होतं, की तुझ्या डोक्यात तो वास बसलाय. ते मी गिळलं. किल्ली काढून नीरजाच्या हातात दिली आणि सत्यमला म्हटलं की काकू म्हणतात तर आहे, सगळं खोल.

त्यानं टाकीवरचं झाकण सोडवलं. परतीच्या नळीचा जोड, वरून दिसतच नाही असा, त्याच्याखाली कागद धरला. कागदावर एक ओला ठिपका उमटला. करडईच्या दाण्याएवढा. सत्यमनं पाना घेतला आणि तो जोड पुन्हा आवळला.

नंतर तिनं पुन्हा सगळा फेरा केला. वास नव्हता. तरी तिनं आम्हाला चहा होईपर्यंत थांबवलं आणि तिसऱ्यांदा वाकली. मग किल्ली मला दिली.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. ती काच खाली करून बसली होती, दाराची मूठ धरून. घरी आल्यावर तिचा हात मुठीवरून मला सोडवावा लागला.

ती म्हणाली, उद्या बायपासपर्यंत जाऊ. मी म्हटलं, परवा.

तुझा,
मुकुंद